नेट्टाच्या वहीतल्या जागा

रोपाटाला त्या दिवशी एकही वाक्य धड पुरं करता आलं नाही. तो 'कोतुकू' बोटीचा कप्तान. दहा पाहुण्यांना एका रात्रीसाठी डाउटफुल साउंड नावाच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीत फिरवून आणायचं हे त्याचं काम, आणि माईक हातात घेऊन डोंगरांची नावं सांगणं हा त्या कामातला त्याचा लाडका भाग. पण आज त्यानं तोंड उघडायच्या आत बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पावसात उभ्या असलेल्या एका बाईचा आवाज यायचा.

"डावीकडं बघा, सासूबाईंचा अंबाडा," नेट्टा सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची. "त्याच्या आडोशाला बोट बांधायची नाही. वायव्येचं वारं सुटलं की दोर तुटतो."

पाहुणे डावीकडं बघायचे. तिथं खरोखरच गोल गरगरीत खडक असायचा. रोपाटा माईक खाली ठेवायचा.

तिसऱ्या वेळी त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशी, माझा पगारही तूच घे."

"तू सुकाणू सांभाळ. बोलायचं मी बघते."

गोअर गावचे निवृत्त बँक मॅनेजर मिस्टर लेनॉक्स तिच्या शेजारी उभे होते. त्यांच्या टोपीवरून पाणी नाकावर, नाकावरून कोटावर उतरत होतं, आणि ते खुशीत होते. "तुम्ही इथं किती वेळा आलात?" त्यांनी विचारलं.

"आज पहिल्यांदाच," नेट्टा म्हणाली.

लेनॉक्सना ती थट्टा वाटली. पण ते खरं होतं. ही गोष्ट त्र्याण्णव सालची. रिव्हरटन गावात नेट्टाच्या स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्याशेजारी, एक रेडिओ होता. सकाळी सात आणि संध्याकाळी साडेसहा, या दोन वेळांना ती तिथं बसायची, हवामान वाचून दाखवायची आणि या किनाऱ्यावर शेवंड, म्हणजे लॉबस्टर, धरणाऱ्या अकरा बोटींची एकेक करून हजेरी घ्यायची. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी एका वादळी रात्री सुरू केलं, ते सुटलंच नाही. सात आणि साडेसहाच्या खुंट्याला बांधलेली बाई जाणार कुठं? इनव्हरकार्गिलला दाताच्या डॉक्टरकडं जायचं तरी ती दुपारचीच वेळ मागायची. कोळ्यांच्या तोंडून तिनं इथली एकूण एक खाडी ऐकली होती. पाहिली एकही नव्हती.

शेवटी त्या अकरा जणांनीच मिळून तिला या सफरीचं तिकीट काढून दिलं. आधी ती नाहीच म्हणाली. रेडिओवर कोण बसणार? "मी बसतो," तिचा नवरा वॉली म्हणाला. "अकरा माणसांची नावं लिहायची, त्यात काय एवढं?" बायकोनं एकतीस वर्षं केलेल्या कामाबद्दल त्याचं असं मत आहे हे कळल्यावर नेट्टानं बॅग भरली. एकदा बसून बघच म्हणावं.

आणि आता ती इथं होती, अडुसष्टाव्या वर्षी, वॉलीचा जुना लोकरी कोट घालून, आणि तिला कुठं बघू आणि कुठं नको असं झालं होतं. काय पाऊस तो. इथले लोक कोरड्या दिवशी आलेल्या पाहुण्यांची कीव करतात, कारण पाऊस नसला तर डोंगरावरून चारदोन धबधबे पडतात, आणि पाऊस असला की शेकडो. कड्यांची टोकं ढगात गेलेली, आणि त्या ढगातून पाणी नुसतं सुटलं होतं. रोपाटानं एका धबधब्याखाली बोटीची नाळ नेऊन टेकवली, खडकापासून हातभर अंतरावर, आणि नेट्टानं कप पुढं धरला. कप भरला, हातही गेला असता. ते गार पाणी ती घटाघटा प्यायली आणि दुसरा कप तिनं लेनॉक्सच्या हातात दिला.

"ह्या पाण्याला मर्डो 'वरचा चहा' म्हणतो," ती म्हणाली. "मर्डो म्हणजे 'ज्युनिपर'वाला. एकटा असतो बोटीवर. तोंडाचा कडू, पण साडेसहाला पहिला आवाज त्याचाच. आधी घसा खाकरतो, मग 'आहे' म्हणतो. बस, एवढंच."

दुपारी चारला रोपाटानं बोट खाडीच्या एका फाट्याच्या अगदी टोकाला नेली. तिथं या बोटींची एक रीत असते. इंजिन बंद, वीज बंद, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही. स्वयंपाकीण शोना हात पुसत बाहेर आली ती मुद्दाम नेट्टाचा चेहरा बघायला. दहा मिनिटं गप्प बसणं या बाईला झेपणार नाही, अशी तिची खात्री होती.

नेट्टानं डोळे मिटले. आणि मग तिला जे ऐकू आलं, त्यासाठी तिची मुळीच तयारी नव्हती. रेडिओत माणूस बोलतो तेव्हा त्याच्या मागं काहीतरी चाललेलं असतं. पाणी, पक्षी, वारा, खरखर. एकतीस वर्षं तिनं ते मागचं सगळं ऐकलं होतं, पण पुढं माणसं बोलत होती. आज पुढं कुणी नव्हतं. तो धबधबा उंचावरून सुटा सुटा पडतोय, हा खडकाला धरून घसरतोय, तो तिकडचा झाडांत पडतोय. प्रत्येकाचा आवाज वेगळा होता आणि प्रत्येक आवाज तिच्या ओळखीचा होता.

इंजिन सुरू झालं तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मावशी, रडतेस?" शोनानं विचारलं.

"रडतेय. मग काय करू?" नेट्टा म्हणाली. "मला भूक लागलीय. काय केलंयस?"

चीज रोल केले होते. नेट्टानं चार खाल्ले.

साडेसहा वाजायला आले तशी ती रोपाटाच्या केबिनमध्ये जाऊन बसली. वॉलीची फजिती ऐकायची होती. रोपाटानं रेडिओचा आवाज वाढवला.

"हॅलो, मी वॉली," रेडिओतून आलं. "नेट्टा नाहीये. एकेकानं बोला, आणि सावकाश बोला, माझं अक्षर वाईट आहे."

"वॉली, धुणं वाळत घातलंस का?" कुणीतरी विचारलं.

"भांडी राहिली असतील अजून," दुसरा म्हणाला.

"क्लाइड, तुझा आवाज ओळखतो मी. 'पेट्रेल', हजर. पुढं?"

नेट्टा पोट धरून हसत होती. एकेक बोट आपलं नाव आणि रात्रीचा मुक्काम सांगत गेली. दहा झाल्या.

"'ज्युनिपर'," वॉली म्हणाला. मग परत म्हणाला. "'ज्युनिपर'. मर्डो, आहेस का बाबा?"

खरखर आली. नेट्टाचं हसू थांबलं. घसा खाकरण्याचा तो आवाज आज सुरुवातीलाही आला नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

वॉलीनं पाच वेळा हाक मारली. "सकाळी त्यानं आजचा मुक्काम किटलीला म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "मी पोलिसांना फोन करतो. किटलीच्या जवळ कोण आहे?"

"मी आहे," क्लाइड म्हणाला. "तीन तास लागतील. निघतो."

नेट्टाचा हात माईककडं गेला आणि मध्येच थांबला.

गोष्ट अशी होती. रेडिओ सगळ्यांचा, म्हणून सगळे ऐकतात. शेवंड कुठं सापडते हे ज्याला कळलं तो ते सख्ख्या भावाला सांगत नाही, मग दहा बोटींना कशाला सांगेल? म्हणून हे लोक रेडिओवर खोटं, दुसऱ्याच जागेचं नाव सांगतात. सगळे सांगतात, आणि सगळ्यांना ते माहीत असतं. खरी नावं एकाच ठिकाणी होती, नेट्टाच्या वहीत. दर वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी एकेक जण तिच्या स्वयंपाकघरात यायचा, दार लावून घ्यायचा, आणि आपली खरी जागा सांगायचा. किटली म्हणजे अमुक, पोस्ट ऑफिस म्हणजे तमुक. कुणी हरवलं तरच वही उघडायची, एरवी नाही. एकतीस वर्षांत एकदाही उघडावी लागली नव्हती. वॉलीलाही ती कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे माहीत नव्हतं. पण नेट्टाला तिचं पान न् पान तोंडपाठ होतं.

मर्डोची किटली म्हणजे शिडी नावाची खाडी. आणि शिडी किटलीच्या आसपासही नव्हती. ती इथं होती, याच साउंडमध्ये, पुढच्या वाकड्या फाट्यात.

तिनं माईक उचलला. "क्लाइड, मी नेट्टा. किटलीला जाऊ नकोस."

क्लाइडनं विचारलं, "का?"

"मी सांगतेय म्हणून. वॉली, पोलिसांना सांग की 'कोतुकू' शोधतेय, तासाभरात कळवतो. कुठं ते विचारू नकोस."

आता दहा बोटींवर दहा माणसं कान टवकारून बसली असणार हे तिला न बघता कळत होतं. तिनं माईक ठेवला आणि रोपाटाकडं पाहिलं. "शिडीला चल."

रोपाटानं पाठीमागं पाहिलं. पाहुणे जेवायच्या टेबलांपाशी बसत होते, शोना हरणाच्या मांसाचा रस्सा वाढत होती. "मावशी, ह्या लोकांना काय सांगू?"

"खरं सांग."

त्यानं खरं सांगितलं. पाहुण्यांनी ताटं तशीच सोडली आणि रेनकोट चढवायला सुरुवात केली. असा उत्साह त्यानं त्यांच्यात सील बघतानाही पाहिला नव्हता.

"फक्त एक," नेट्टा त्यांना म्हणाली. "आपण कुठं गेलो होतो हे उद्या विसरायचं."

"बाई, मी बँकेत तेहेतीस वर्षं काढली," लेनॉक्स म्हणाले. "गावाच्या पोटात काय काय आहे ते सगळं माझ्या पोटात आहे. काळजी करू नका."

शिडीपर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागली. वारा आता वायव्येकडून येत होता. कड्यांवरून खाली सुटलेले झोत बोटीला एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं ढकलत होते. नेट्टा केबिनमध्ये खिडकीची कड धरून उभी होती. काळजी होती, पण तिच्या अंगात एक वेगळाच जोरही आला होता. यासाठीच तर ती वही होती. एकतीस वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट आज कामाला येणार होती.

खाडीचं तोंड उघडलं. पावसानं अंधारून आलं होतं, रोपाटानं मोठा दिवा लावून काठावरून फिरवला. आत पाणी होतं, पाऊस होता, आणि बोट नव्हती.

"बुडाली का?" शोनानं हळूच विचारलं.

बोट पुढं घेत रोपाटा काठाच्या झाडांवर दिवा फिरवत राहिला. इथं खोली इतकी की नांगर तळाला लागत नाही, बोटी झाडांना दोर बांधून उभ्या राहतात. "मावशी, हे बघ," शेवटी तो म्हणाला. "दोर बांधला की झाडाला घासतो, शेवाळ निघून जातं. इथं शेवाळ वीतभर जाड आहे. ह्या खाडीत कित्येक वर्षांत कुणी बोट बांधलेली नाही."

नेट्टाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि भीतीच्या आधी तिला राग आला. दार लावून घेतलं होतं त्यानं. दर वर्षी लावून घ्यायचा. खुर्चीवर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून, तिच्या डोळ्यांत बघून त्यानं 'शिडी' म्हणून सांगितलं होतं, आणि तिनं त्याला केक खाऊ घातला होता.

"खोटं बोलला माझ्याशी," ती म्हणाली.

मग भीती आली. क्लाइड निघाला होता आणि तिनंच त्याला थांबवलं होतं. कशाच्या जोरावर? तिनं माईक रोपाटाकडं सरकवला. "क्लाइडला सांग," ती म्हणाली, "किटलीला जा म्हणावं. माझं चुकलं म्हणावं."

रोपाटानं निरोप दिला. पण तो देतानाही त्याला आणि तिला, दोघांनाही, माहीत होतं की मर्डो किटलीला नाही. स्वतःच्या जागेचं खरं नाव रेडिओवर सांगणारा कोळी अजून जन्मायचा होता. या दिवसांत इथं नऊपर्यंत उजेड असतो, तरी अंधार पडायला दीडच तास होता आणि साउंडला फाटे चार.

"कुठं शोधू?" रोपाटानं विचारलं. "काहीतरी सांग मावशी. कधीतरी काहीतरी बोलला असेल."

"तो कुठं बोलतो? 'आहे' म्हणतो, बस," नेट्टा म्हणाली. आणि मग ती थांबली. बोलायचा नाही तो. पण त्याच्या आवाजामागं ढोल वाजल्यासारखं काहीतरी असायचं. एकदा तिनं विचारलंही होतं, मर्डो, तुझ्या मागं काय वाजतंय? पाऊस आहे, पत्र्यावर पडतोय, म्हणाला. पण ते कोरड्या दिवसांतही वाजायचं, आणि पाऊस असा एका ठेक्यात पडत नाही. पाणी पोकळीत पडत होतं ते. रिकाम्या पिंपावर धार सोडावी तसं.

"रोपाटा," ती म्हणाली, "गुहेत पडणारा धबधबा कुठं आहे?"

"माझ्या माहितीत तरी कुठंच नाही."

"मग इंजिन बंद कर."

पहिल्यांदा त्यांनी इंजिन बंद केलं ते फाट्याच्या तोंडाशी. पाहुण्यांना काही सांगावं लागलं नाही. दुपारी गंमत म्हणून गप्प बसलेली ती माणसं आता श्वासही जपून घेत होती. शोनानं आत जाऊन फ्रीजसुद्धा बंद केला. नेट्टा टोपी काढून डेकवर उभी राहिली. पण दुपारी एकेक धबधबा वेगळा ऐकू येत होता, आता नुसता कल्लोळ. प्रत्येक कड्यावर पाणी, प्रत्येक घळीत पाणी. तिनं मान हलवली. बोट पुढं निघाली.

दुसऱ्या ठिकाणीही काही नाही. नेट्टाच्या पांढऱ्या केसांतून पाणी कोटाच्या आत चाललं होतं, तिला त्याचं भान नव्हतं. तिनं पुढचं सोडून मागचं ऐकायचा प्रयत्न केला, स्वयंपाकघरात करायची तसा. माणूस बोलत असताना तो खरंच बरा आहे का, हे ती त्याच्या शब्दांवरून नाही, मागच्या आवाजावरून ओळखायची.

तिसऱ्या ठिकाणी तिनं हात वर केला.

"तिकडं," ती म्हणाली. "त्या काळ्या कड्याच्या मागं."

रोपाटानं नकाशा पाहिला. "मावशी, त्याच्या मागं काही नाही. नुसती भिंत आहे."

"तुझ्या नकाशाला कान नाहीत. चल."

तो गेला. कड्याला वळसा घालताना त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, कारण दोन्ही बाजूंना खडक होता आणि वारा मागून. आणि मग भिंतीत एक फट दिसली. जेमतेम 'कोतुकू'च्या दीडपट रुंद. ढोलाचा आवाज आता सगळ्यांना ऐकू येत होता, फळ्यांतून पायांना जाणवत होता. रोपाटानं 'कोतुकू' इंचाइंचानं आत घेतली. पाहुण्यांपैकी कुणीतरी कुणाचातरी हात धरला.

आत एक गोल खाडी होती. एका बाजूला गुहेच्या तोंडात धबधबा कोसळत होता. दुसऱ्या बाजूचा डोंगर वरपासून खालपर्यंत सोलून निघाला होता. इथली झाडं मातीवर नाही, एकमेकांच्या मुळांवर उभी असतात, पाऊस फार झाला आणि एक सुटलं की सगळी रांग खाली येते. ती रांग खाली आली होती आणि 'ज्युनिपर' तिच्याखाली होती. छप्पर चेपलेलं, रेडिओची काठी मोडलेली, निम्मी बोट फांद्यांत अडकलेली. बुडत होती म्हणावं तर त्या झाडांनीच तिला धरून ठेवलं होतं.

केबिनच्या दारात एक म्हातारा एक पाय लांब करून बसला होता. त्यानं दिव्यासमोर हात आडवा धरला. पिवळे रेनकोट घातलेली नऊ माणसं त्याच्याकडं बघत आहेत हे त्याला दिसलं.

"रोपाटा," मर्डो ओरडला, "ती माणसं आत ने. आधी ती माणसं आत ने."

"मर्डो, जिवंत आहेस का?"

"आहे. आत ने त्यांना."

यावर लेनॉक्सनी जे केलं ते नेट्टा पुढं आयुष्यभर सांगत राहिली. त्यांनी काही न बोलता पाठ फिरवली. त्यांचं बघून बाकीच्यांनीही फिरवली. मर्डोला छोट्या होडीतून आणेपर्यंत ती नऊ माणसं खाडीकडं पाठ करून पावसात उभी होती. त्यातल्या एकीचे खांदे हसून हलत होते.

घोटा मोडला होता. शोनानं दोन उलथन्यांच्या मध्ये पाय बांधला, गरम रस्सा दिला. रोपाटानं रेडिओवरून कळवलं की माणूस मिळाला, क्लाइडनं परत फिरावं, बाकीचं सकाळी. मग तो 'कोतुकू' घेऊन रात्रीच्या मुक्कामाला निघाला. नेट्टा मर्डोच्या समोर बसली. त्याचा वाडगा रिकामा होईपर्यंत ती थांबली.

"शिडी," ती म्हणाली.

मर्डोनं रिकामा वाडगा खाली ठेवला.

"मी कुणाला सांगितलं असतं का?"

"नाही."

"मग?"

मर्डोनं घसा खाकरला. "तुला खरी जागा सांगितली असती, तर पाऊस लागला की रोज संध्याकाळी म्हणाली असतीस, मर्डो, तिथं झोपू नकोस, डोंगर खाली येईल."

"म्हणालेच असते."

"आणि ते बरोबर असतं. मग मला ऐकावं लागलं असतं. तिथं शेवंड फार आहे गं."

नेट्टाला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटत होती, आणि तो समोर जिवंत बसलाय याचा इतका आनंद झाला होता की हात उचलवत नव्हता. तिनं त्याला आणखी वाढलं.

सकाळी पाऊस थोडा कमी झाला होता. सातला दोन मिनिटं असताना नेट्टा केबिनमध्ये जाऊन बसली आणि तिनं माईक घेतला. मर्डो मागच्या बाकावर पाय पसरून पडला होता, रोपाटा चहा ओतत होता.

"शुभ सकाळ," ती म्हणाली. "मी नेट्टा, 'कोतुकू'वरून. वॉली, तू नुसता ऐक. मर्डो बरा आहे. घोटा मोडलाय. बोट तरंगतेय, दुपारी ओढून काढू."

"कुठं सापडला?" क्लाइडच्या तोंडून निघून गेलं. सवय, दुसरं काय.

"ते विचारायचं नाही, क्लाइड. एवढंच सांगते," नेट्टा म्हणाली, "माझ्या वहीत लिहिलं होतं तिथं तो नव्हता. मी आधी तिथं गेले. तास वाया गेला. बोटीत पाणी अजून हातभर चढलं असतं तर मी आज वेगळं काही सांगत असते."

रोपाटानं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"नेट्टा," क्लाइड म्हणाला. "तुझ्या वहीतलं माझं पान."

"त्याचं काय?"

"मी रविवारी येतो. पेन्सिल घेऊन."

नेट्टानं डोळे मोठे केले. ती काही बोलायच्या आत दुसरा आवाज आला. "मीपण येतो म्हणतो. रविवारी." मग तिसरा. "माझंही जरा बघायला लागेल, नेट्टा." एकानं नुसतंच "मी पण" म्हटलं आणि लगेच बंद केलं. एकेक करत आवाज येत राहिले, एकमेकांत अडकत, खाकरत, खाली माना घातलेले. ती बोटांवर मोजत होती. नऊ झाले.

दहावा होता 'हेरॉन'वाला, सगळ्यांत म्हातारा. "नेट्टा, माझं पान खरं आहे हो," तो म्हणाला. "मला दुसरं काही सुचलंच नव्हतं."

सबंध किनारा हसला. एकावर एक नऊ माईक दाबले गेल्यानं रेडिओतून नुसता गोंगाट आला. नेट्टा हसली नाही. एकतीस वर्षं वादळाच्या रात्री दिवा मालवताना ती मनाशी म्हणायची, असू दे, वही आहे. आणि त्या वहीत एकच पान खरं होतं. तिला राग आला, आणि मग तिला वाटलं की आज, या मिनिटाला, हे नऊ जण जे बोलले ते त्यांनी आपल्या बायकांनाही सांगितलं नसेल. तिनं डोळे पुसले आणि बटण दाबलं.

"ऐका सगळे," ती म्हणाली. "रविवारी दुपारी दोनपासून. एकेकानं यायचं, दुसऱ्यानं रस्त्याच्या पलीकडं थांबायचं. केक मिळणार नाही. आणि कुठली जागा वाईट आहे असं मी म्हटलं, तर ती वाईट आहे. वॉली."

"ऐकतोय."

"चमच्यांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, पाककृतींच्या पुठ्ठ्यात एक वही आहे. ती काढ आणि चुलीत घाल."

"आत्ता? चहा उकळतोय."

"मग चहा झाल्यावर घाल. एक पान ठेव, 'हेरॉन'चं."

तिनं माईक जागेवर टांगला. मागं बाकावर मर्डो घसा खाकरला.

"मी किती वाजता येऊ?" त्यानं विचारलं.

"तू कशाला येतोस?" नेट्टा म्हणाली. "तुझी जागा मी बघितलीय."